राखेचा प्रयोग

"आज शाळा बंद ठेवा, मॅडम," गावचे चीफ म्हणाले. "मांत्रिक येतोय. सगळं गाव आंब्याखाली जमणार."

"मग तिसरीचा वर्ग मी आंब्याखालीच भरवते," अलिनाफे मॅडम म्हणाल्या. "नाहीतरी वर्गात बाकं कुठे आहेत?"

चीफ खुर्च्या मांडून घ्यायला निघून गेले.

प्रकरण गोगो नाजेरेंचं, म्हणजे नाजेरे आजींचं होतं. तिसरीतली पोरं वर्गात पेंगतात, एवढंच निमित्त झालं आणि गावाने परस्पर निकाल लावून टाकला. म्हणे म्हातारी रात्री पोरांना सुपात बसवून उडवत नेते आणि चेटूक शिकवते. पोरं उपाशी आहेत, घरातला मका संपलाय, नुसत्या आंब्यांवर दिवस काढतायत, हे मॅडमनी घसा फोडून सांगितलं. पण ऐकतो कोण! मांत्रिकाने आज बोट दाखवलं की गोगोंना गाव सोडावं लागणार होतं. आईबाप गमावलेली त्यांची नात चिसोमो याच वर्गात होती. तिलाही आजीमागून निघावं लागणार होतं.

मॅडम मात्र निवांत होत्या. त्यांनी शाळेची हिरवी विज्ञानपेटी झाडाखाली आणवली आणि पोरांना एकेक पांढरं ताट वाटलं. या आठवड्यात वर्ग पेटीतल्या एका बाटलीच्या मागे लागला होता. बाटलीतलं औषध पाण्यासारखंच दिसे. त्याचे थेंब पाण्यात टाकायचे आणि घरातलं काय काय घातल्यावर रंग बदलतो ते बघायचं. पुस्तकात हा धडा शेवटचा होता. मॅडमनी तो आधीच घेतला.

मांत्रिक भाड्याच्या सायकलवर मागे बसून आला. अंगात पांढरा झगा, गळ्यात शिंपल्यांच्या माळा. त्याचं मोठं नाव आहे, असं चीफना बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. त्याने मॅडमकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ही पोरं कशाला इथे?" तो खेकसला.

"शिकायला," मॅडम म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

मांत्रिकाने पितळी घमेल्यात पाणी ओतलं, पुटपुटत त्यावर काहीतरी शिंपडलं. गोगोंच्या हातावर चिमूटभर राख चोळली. "घाल हात. निर्दोष असशील तर पाणी तसंच राहील."

गोगोंनी हात बुडवले. पाणी लालभडक झालं.

बायका किंचाळल्या. चीफ उठून उभे राहिले. गोगो आपल्या हातांकडे बघत राहिल्या, आणि तो चेहरा पाहून कुणाचंही काळीज तुटलं असतं.

"गोगो, घाबरू नका!" चिसोमो ओरडली. "आमच्याकडेपण हे होतं!"

तिने आपल्या ताटात पाणी घेतलं, बाटलीतले थेंब टाकले आणि ताट चीफसमोर धरलं. "तुमच्या चुलीतली राख हाताला चोळा आणि बुडवा."

"मी? मी चीफ आहे!"

"म्हणून हात धुवायचे नाहीत का?" त्यांची बायको पुढे आली. तिने स्वतःच्या चुलीतली राख आणवली, तळव्यांना फासली आणि हात ताटात घातले. पाणी लाल झालं.



"झालं!" ती हात झटकत म्हणाली. "आता मलाही सुपात बसवा. बघू, माझं वजन पेलतंय का!"

गाव खो खो हसत सुटलं. तोवर बाकीच्या पोरांनी दिसेल त्याला राख फासायला सुरुवात केली होती. पाद्री, न्हावी, चीफचे दोन्ही भाऊ, सगळ्यांचं पाणी लाल झालं. मग चिसोमोने मांत्रिकाच्याच घमेल्यात लिंबू पिळलं. पाणी पुन्हा नितळ झालं.

"लबाड!" कुणीतरी ओरडलं आणि पहिली आंब्याची कोय मांत्रिकाच्या कपाळावर बसली. झगा गुडघ्यापर्यंत उचलून तो पळाला तो थेट मोठ्या रस्त्याच्या दिशेने. त्याची एक चप्पल मागेच राहिली.

चीफनी घसा खाकरून जाहीर केलं, की गोगो नाजेरे जिथे आहेत तिथेच राहतील आणि सुपाचं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही. चिसोमो आजीच्या कमरेला मिठी मारून रडत होती. रडताना मध्येच हसतही होती.

"त्या भामट्याला पोलिसांत द्यायला हवं," न्हावी म्हणाला.

"माझ्यावर सोडा," मॅडम म्हणाल्या. "मी गाठते त्याला."

त्यांनी पेटी आवरली, सायकलला टांग मारली आणि नाक्यावर पोचल्या. चहाच्या टपरीत मांत्रिक कपाळाला ओला रुमाल लावून बसला होता. मॅडम तडक आत शिरल्या आणि त्याच्यासमोर जाऊन बसल्या.

त्याने आपल्या ताटलीतला मंदाझीचा गोड तळलेला पाव अर्धा मोडून त्यांच्याकडे सरकवला.

"शुक्रवारी पुढच्या गावात मांत्रिक तू हो," तो म्हणाला. "मास्तरकी मी करतो."