आहेर आणू नये

शहाद्यात बशीरभाई लग्नपत्रिका छापून देतात. ज्यात ते मजकूर टाइप करतात ते मराठी सॉफ्टवेअर कोण्या अनोळखी माणसाने बनवून फुकट वाटलेलं आहे. ते उघडलं की आधी एक चौकट येते: ‘उपयोग होत असेल तर स्वेच्छेने देणगी द्या.’ खाली पैसे पाठवायचा स्कॅनर असतो. बशीरभाई चौकट बंद करून कामाला लागतात. घर त्याच सॉफ्टवेअरवर चालतं, पण स्वेच्छा काही कधी झाली नाही.

आज प्रकाशा गावच्या शोभाबाई मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आल्या.

“ताई, ‘आहेर आणू नये’ टाकू का?”

“टाक ना, भाऊ. नही म्हनं का लोके आहेर जास्तीच लई येतस.”

दोघंही हसले. बशीरभाईंनी सॉफ्टवेअर उघडलं. चौकटीत आज वेगळाच मजकूर होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला. ‘हे काम मी थांबवत आहे. यापुढे दुरुस्त्या होणार नाहीत. कृपया देणगी पाठवू नये.’

“मंग आते ते देनंच पडी,” शोभाबाई म्हणाल्या.

बशीरभाईंनाही ते पटलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढून स्क्रीनसमोर धरला. स्कॅनरची जागा रिकामी होती. त्यांनी चौकट बंद केली, पुन्हा उघडून पाहिली.

शोभाबाईंनी मान पुढे केली.

“भाऊ, हाऊ मानूस ते खरंच नही म्हनस.”