दुसरं बोलावणं

चिंधा खाटेवरून उठत नव्हता आणि तिकडे रुपचंद नानांच्या मांडवात बट्ट्या गार होत होत्या.

नानांच्या लेकीच्या हळदीचं गावजेवण होतं. भाड्याने आणलेला भोंगा गाऊन गाऊन दमला. वरण आटायला लागलं. जळगावहून आलेले पाहुणे सारखे मनगटावरची घड्याळं बघत होते. पण गावातलं एकही माणूस मांडवात फिरकलं नव्हतं. गावाची रीतच तशी. सकाळी आवतण मिळालं म्हणून लगेच कुणी उठून जेवायला जात नाही. पत्रावळी मांडल्या की दुसरं बोलावणं यावं लागतं. त्याआधी जो गेला तो हावरट ठरला. पोटात कावळे ओरडत असले तरी माणसं धुतलेले कपडे घालून आपापल्या ओट्यावर बसून राहतात. आणि दोन्ही बोलावणी करायचं काम चिंधाचं. बावीस वर्षं तो घरोघर जाऊन, घरधन्याचं बापासकट नाव घेऊन हाक देत आला होता.

त्याला मात्र कधी कुणी बोलावलं नव्हतं. "तू त घरनाच शे," असं म्हणायचे आणि शेवटची पंगत उठल्यावर चुलवणापाशी त्याला वाढायचे. चिंधाला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायला लागलं ते आज सकाळी. आठ दिवसांपूर्वी पिंपळनेरहून लग्न होऊन आलेली त्याची सून प्रमिला भाबडेपणाने विचारून बसली, "आबा, बठ्ठा गावले तुम्हीन बलावतस. आपलाले कोन बलावस?"

चिंधाची जीभ घसरली. "आपलाकडे? आपलाकडे नाना सोता येतस."

झालं! नाना स्वतः येणार म्हटल्यावर सुनेने अंगण झाडलं, सडा घातला, लग्नातली साडी नेसली आणि ती उंबऱ्याशी जाऊन बसली. आता दुसरं बोलावणं करायला निघायचं तर तिच्यासमोरूनच जायला हवं. ती विचारणार, नाना कुठे राहिले? मग चिंधाने गुडघा दुखत असल्याचं सोंग घेतलं आणि खाट धरली. थाप मारल्याची त्याला लाज वाटत होतीच. पण त्याहून जास्त लाज वाटत होती ती त्या बावीस वर्षांची.

तेवढ्यात गल्लीत गर्जना झाली.

"चिंध्या! कोठे मरी गया रे?"

खुद्द नाना. धोतराचा सोगा मुठीत, कपाळावर आठ्या, आणि मागे मजा बघायला निम्मी गल्ली. आता सुनेसमोर अब्रूचे धिंडवडे निघणार, यात चिंधाला तिळमात्र शंका उरली नाही.

पण नाना पुढचं काही बोलायच्या आत प्रमिला डोक्यावर पदर घेऊन समोर आली. त्यांच्या पाया पडली. पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आबानी सांगं, नाना सोता आवतन देवाले येतस," ती म्हणाली. "सकायपाइन तुमनी वाट देखी ऱ्हायनूत."

गल्लीतली माणसं तोंड दाबून हसायला लागली. नानांनी चिंधाकडे पाहिलं. चिंधाने मान खाली घातली. नाना जरा घुटमळले. या दारात आपण आजवर कधी उभे राहिलो नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. त्यांनी सोगा सोडला, टोपी सरळ केली आणि हसणाऱ्यांकडे असे काही डोळे वटारले की सगळे गप्प झाले.

"दर खेपेले मीच येस, माय," नाना म्हणाले. "आज जरा उशीर व्हई गया. चिंधाभाऊ, बठ्ठा घरले आवतन शे. आज चूल पेटाडानी नही."

पाणी पिऊन नाना गेले. चिंधाचा गुडघा जागच्या जागी बरा झाला. टोपी चढवून तो लगबगीने गल्लीत उतरला. पहिली हाक नेहमी तोताराम आबांच्या घराला असायची, तिकडेच निघाला. चार पावलं गेला, थांबला आणि मागे फिरला. आपल्याच दारासमोर येऊन उभा राहिला. घसा खाकरला आणि गावाने बावीस वर्षांत कधी न ऐकलेली हाक त्याने खणखणीत आवाजात दिली.

"चिंधा निंबाना घरना, जेवाले चाला हो!"