ओली रेघ

ऊन चढले तसे डनिचच्या किनाऱ्यावरचे गोटे कोरडे झाले. लंडनहून रात्रभर सायकली हाणत आलेली मंडळी त्यांवरच घोरत पडली होती. विनी चहा ओतत होती. गेल्या वर्षी याच सफरीत तिचा भाऊ ओवेन वाटेत सायकलवरून पडला आणि मदतीविना गेला.

“हाका ऐकल्या होत्या गं त्याच्या,” तेव्हा ओवेनच्या पुढे असलेला ड्यूगल म्हणाला, “पण थांबलो असतो तर इथला सूर्योदय हुकला असता ना! आता किती उगाळशील?” तोंडावर टोपी ओढून तो झोपला.

पाण्यातून चाकाएवढी रुंद ओली रेघ गोट्यांवर चढू लागली. ओवेनच्या सायकलची चिरकी घंटी वाजली. सायकल मात्र कुठेच नव्हती.

रेघ एकेका झोपलेल्या चेहऱ्यापाशी थांबे, पुढे सरके. टोपीने चेहरा झाकलेल्या ड्यूगलपाशी मात्र न थांबता ती समुद्राकडे वळली.

विनीने कप खाली ठेवला आणि ड्यूगलच्या तोंडावरची टोपी अलगद उचलली.