ई-नऊ म्हणजे काय?

सावंतवाडीच्या दिगंबर केळुसकरांचं वॉशिंग मशीन 'ई-९' दाखवून थांबलं. त्यांनी नळ तपासला, जाळी साफ केली, दार पुन्हा लावलं. शेवटी कंपनीला फोन केला.

"काका, बिघाड नाही," पलीकडची मुलगी म्हणाली. "ई-नऊ म्हणजे कपडे स्वच्छ आहेत. पाणीबचतीचा कायदा आल्यापासून मशीन स्वच्छ कपडे धूत नाही."

"अहो, कालचे घामाचे कपडे आहेत ते."

ती जरा घुटमळली. "इथे मशीनची नोंद दिसतेय. ते सकाळीच धुऊन झालेत, काका. त्यानंतर तुम्ही ते चारदा मशीनमध्ये टाकलेत. फोनही चारदा केलात."

दिगंबररावांनी मशीनमधला सदरा काढून हुंगला. साबणाचा वास येत होता.

"हर्षदा," त्यांनी आपल्या लेकीला हाक मारली, "जरा फोन घे. या काय सांगतायत, मला नीट कळत नाहीये."