आईंना फिरवून आणते

मागून पावलांचा आवाज आला आणि तिने सासूबाईंच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. आठ-दहा जणांची पावलं, आधी विस्कळीत, मग हळूहळू एका तालात येणारी. कालव्याकाठच्या या रस्त्यावर तो ताल कित्येक वर्षं तीच लावत आली होती. पुढे राहून सगळ्यांचा वेग सांभाळायचं काम तिचं. ती ते इतकं नेमकं करायची की धावण्याच्या ग्रुपमध्ये तिला सगळे ‘घड्याळ’ म्हणत.

ते घड्याळ आता कालव्याच्या कठड्याला टेकून श्वास गोळा करत होतं.

आधी नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. तो भरून आला. पुन्हा धावायचे बूट पायात चढवणार, तोच न्यूमोनिया झाला. पायाचं ग्रुपला माहीत होतं. न्यूमोनियाचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? कुणी दमून चालायला लागलं की, “चालायला घरची माणसं आहेत, इथे धावायचं,” असं ऐकवणारी तीच. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या बँकेतल्या कारकुनाची तर तिने सगळ्यांसमोर इतकी टर उडवली होती की तो यायचाच बंद झाला होता.

आता ती रोज सकाळी सासूबाईंचा हात धरून चालायला येत होती. फिजिओथेरपिस्टचा नियम साधा होता. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं की थांबायचं. हा नियम तिच्यापेक्षा सासूबाईंनीच जास्त मनावर घेतला होता. त्या तिला गप्प बसूच देत नसत.

“पण बोलू तरी काय, आई?”

“नवऱ्याची तक्रार कर. वाक्य आपोआप लांब होतं.”

“तुमचाच मुलगा आहे तो.”

“म्हणून तर म्हणते. तुझ्याकडून काही राहिलं तर मी भर घालीन.”

सासूबाईंना स्वतःला कसल्याच नियमांची गरज नव्हती. एरवी त्या एकट्या निघाल्या की समोरचा माणूस आपोआप बाजूला व्हायचा. बसमध्ये कुणी उठून जागा दिली तर त्या तोंड फिरवून उभ्याच राहत. भाजीवाला ‘आजी’ म्हणाला की सरळ पुढच्या गाड्यावर जात. सुनेबरोबर चालताना मात्र त्यांनी आपलं पाऊल अर्ध्यावर आणलं होतं, आणि त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं.

पावलं जवळ येऊन थांबली.

“सापडलं बाबा घड्याळ एकदाचं,” ग्रुपचा कप्तान म्हणाला. “पाय बरा झाला म्हणे. मग दांड्या कशाला मारतेस?”

“किल्ली द्यायची राहिली असेल,” कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

एक जण हसला नाही. सगळ्यांच्या मागे तो बँकेतला कारकून उभा होता. गुडघ्याला पट्टा बांधून तो परत आला होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

“बरं नाही का तुम्हाला?” त्याने विचारलं. टोमणा नव्हता तो. तो खरंच विचारत होता.

“मला काय धाड भरलीय? आईंना बरं नसतं हल्ली, एकटीने चालवत नाही त्यांना, म्हणून मी रोज त्यांना फिरवून आणते.”

वाक्य कुठेही तुटलं नाही. इतकं लांब वाक्य एका दमात तिला आजारपणानंतर पहिल्यांदाच जमलं होतं.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. एकदाच. मग त्यांचे खांदे उतरले, पाठीला बाक आला आणि त्यांनी एक हात तिच्या खांद्यावर ठेवला.

“पायच उचलत नाहीत हो,” त्या कप्तानाला म्हणाल्या. आवाज कापरा काढला होता. “हिचा आधार आहे म्हणून उंबरा तरी ओलांडते.”

“सावकाश हं, आजी,” ग्रुपमधली कॉलेजची मुलगी म्हणाली.

“हो गं बाळा.”

“नशीब काढलंत,” कारकून म्हणाला. “आम्ही यांना उगाच कडक समजत होतो.”

“बोलते तशी. मनात काही नसतं तिच्या.”

तिचे कान तापले. खरं काय ते आत्ताच सांगून टाकावं म्हणून तिने मान वर केली. समोर कारकुनाचा चेहरा होता, अगदी मवाळ झालेला. तिने मान पुन्हा खाली घातली. “काळजी घ्या, काकू,” असं म्हणत कप्तान निघाला. पावलं एकामागून एक हलली, तालात आली आणि वळणापलीकडे गेली.

सासूबाई तशाच वाकून उभ्या होत्या. खांद्यावरच्या त्यांच्या हाताचा भार तिला जाणवत नव्हता. दुसरा हात मात्र त्यांनी केव्हाच तिच्या कोपराखाली घातला होता आणि ती त्याच हातावर रेलून उभी होती.

“आई, गेले ते. सरळ व्हा ना.”

त्या हलल्या नाहीत.

“आई, मी तुम्हाला...” वाक्य तुटलं. तिने श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तुटलं.

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. पाठ त्यांनी अजूनही सरळ केली नव्हती. “परत याच रस्त्याने येतील ना ते.”