भुईआवळ्याची अर्धी वाटी

“मुळासकट उपट गं. मूळ मातीत राहिलं, तर गुणही मातीतच राहतो.”

आईचा हा आवाज ऐकून चाळीस वर्षं झाली होती. तरी मागच्या गल्लीत, भिंतीच्या ओलसर कडेला वाकलं की ताईला तो अजून ऐकू यायचा. भुईआवळा. वीतभर रोप, बारीक पानं, अन् पानांच्या पाठीशी लपलेली मोहरीहून जराशी मोठी फळं.

तिनं मूठभर रोपं उपटली. तीन पाण्यांतून धुतली, खलात ठेचली, फडक्यातून पिळली. अर्धी वाटी रस. अनशेपोटी द्यायचा, वर तासभर काही नाही. चार महिन्यांत एक सकाळ चुकली नव्हती.

धाकटा भाऊ रंगारी. उशीला टेकून बसला होता, डोळे हळदीसारखे.

“आयुष्यभर लोकांच्या भिंती पिवळ्या केल्या. आता रंग माझ्यावरच उलटला बघ.”

“गप. आधी पी.”

“तुझ्या बोलण्यापेक्षा कडू आहे गं, ताई.”

तो हसला. ती हसली नाही.

तेवढ्यात भावजय दवाखान्यातून आली. चप्पल न काढताच ताईला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

“डॉक्टर म्हणाले, आता कुणी यकृताचा तुकडा दिला तरी उपयोग नाही. शस्त्रक्रिया सोसायची नाही त्यांना. दोन महिने आधी मिळाला असता तर...”

भावजयीचा स्वतःचा रक्तगट वेगळा. दुसरं कुणी नव्हतं. म्हणून चार महिन्यांपूर्वी ताईच्या सगळ्या तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टर दार लावून तिच्या एकटीशी बोलले. मग बाहेर येऊन त्यांनीच सांगितलं, जुळत नाही. ताई भिंत धरून इतकी रडली, की आजारी भावानंच तिला सावरत घरी आणलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं हा पाला हाती घेतला.

“वन्सं, आईनं केलं नसतं तेवढं तुम्ही केलंत.” भावजयीनं तिचा हिरवा पडलेला हात धरला.

ताईनं तो सोडवून घेतला.

खोलीत भाऊ वाटी चाटूनपुसून रिकामी करत होता.

“कळलं मला,” तो म्हणाला. “हिचं कुजबुजणं म्हणजे गल्लीभर दवंडी.” मग वाटी खाली ठेवून, “ताई, इकडे ये. बस. उद्यापासून नको वाकूस त्या भिंतीपाशी. पुष्कळ केलंस.”

ती उभीच राहिली.

“आणि मनाला लावून घेऊ नकोस. तुझं जुळलं नाही, त्यात तुझा काय दोष?”

ताई खाली बसली. त्याच्या पायांवर तिनं कपाळ टेकलं.

“जुळलं होतं रे. मी घाबरले. नाही म्हणून सांगा, असं डॉक्टरांना मीच विनवलं.”