त्या बाईला कळव

“कधीपासून घेताय या कॅप्सूल?” डॉक्टरांनी डबी उघडून वास घेतला.

“मशीनवर बसवेनासं झालं तेव्हापासून. वजन उतरेल म्हणून.” आईला बोलतानाही धाप लागत होती. “झाडपाल्याचं आहे हो. त्यात कसला अपाय?”

झाडपाला म्हटला की भलेभले डोळे मिटून गिळतात. आई तर साधी शिवणकाम करणारी बाई.

“झाडपालाच आहे. अशाच डब्या तपासायला पाठवल्या होत्या आम्ही. आत बिट्टीच्या बिया निघाल्या. बिट्टी विषारी असते, बाई. हृदय मंदावतं तिनं.” डॉक्टर लेकीकडे वळले. “धोका टळलेला नाही. उतारा दुसऱ्या हॉस्पिटलातून मागवलाय. तो येईपर्यंत यांना हलू देऊ नका.”

ते गेले आणि लेक आईवर उखडली. घाबरली की ती उखडायचीच.

“मी दिवसभर घरातच असते ना? मला विचारायला काय झालं होतं?”

“तू लॅपटॉपमधून मान वर काढशील तेव्हा ना!”

तेही खरंच होतं. लेक घरबसल्या कंपन्यांसाठी मजकूर लिहायची. वस्तू कुठली, कुणाची, ते तिला कुणी सांगत नसे आणि तीही विचारत नसे.

“म्हणून इंटरनेटवर दिसेल ते गिळायचं? काही अक्कल?”

“दिसेल ते नाही गं. जाहिरातीखाली एका बाईनं लिहिलं होतं. तीपण कपडे शिवते. गुडघे धरलेले, गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वाकली की लेकीनं हात दिल्याशिवाय उठता यायचं नाही. अगदी माझंच दुखणं! आता म्हणे ती लेकीच्या आधी जिना चढते. कंपनी खोटं बोलेल. अशी बाई कशाला बोलेल?”

लेकीने पलंगाची कड घट्ट धरली.

“तिथं उत्तर लिहिता येतं ना? तेवढं कर. त्या बाईला कळव. बिचारी अजून घेत असेल. तिलाही लेक आहे गं, तुझ्यासारखीच.”

ती बाई लेकीनेच लिहिली होती, समोर मशीनवर वाकलेल्या आईकडे बघत बघत.